दोन पत्र्यांमधली हवा

सर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच टोपी काढायचे. लोकांना वाटायचं, मान देतायत. मानाचा काही संबंध नसायचा. टक्कल मोकळं करून ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. घरची माणसं पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळलेली. मग सर म्हणायचे, "तुमचं छत लई रोखून बघतंय हो." एवढं झालं की टोपी परत डोक्यावर, आणि मग पाणी.

छत बघतं, भिंत बघते, चुलीवरचा तवा बघतो, ही त्यांची भाषा. आमच्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसलेला माणूस म्हणतो, हवा तापली. सर म्हणायचे, हे अर्धंच खरं. "होळीपुढं उभा राहा. तोंड भाजतं, पाठ गार राहती. हवा तर दोन्हीकडं तीच हाय ना? मग तोंडाला कोण भाजलं? जाळ तुझ्याकडं बघतोय, म्हणून भाजलं." तापलेली वस्तू समोरच्यावर उष्णता टाकते, मधल्या हवेला विचारत नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या विद्येचं सार एवढंच होतं, आणि ते कुणालाही, कुठेही, न विचारता सांगायचे.

मी आधी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्याच पॉलिटेक्निकात तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार अशा बोलीवर, त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पुढे एक बाई येईल, तिचं नाव बदललंय, आणि गावाचं सांगणारच नाही.

या माणसाविषयी मी एकदा प्राचार्यांच्या खोलीत खोटं बोललो. एकच वाक्य. त्या वाक्यानंतर सर स्वतःच्या विद्येवर शंका घ्यायला लागले आणि मी ते बघत राहिलो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर खोटं केवढं होतं ते कळायचं नाही.

सरांच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असायचा. देवाशी त्यांचं फारसं काही नव्हतं. बंद खोलीतली हवा कुठून कुठे जाते ते धुरावरून कळतं, म्हणून उदबत्ती. आमच्या एका शिपायाचे वडील वारले तेव्हा आम्ही बसायला गेलो. सरांनी कोपऱ्यात उदबत्ती लावली आणि तिच्याकडे टक लावून बसले. हात मांडीवर जुळलेले. बायकांना हुंदका आवरेना, साहेबांना केवढं दुःख झालंय म्हणून. बऱ्याच वेळानं सर शिपायाजवळ सरकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "वरचा झरोका बुजवलाय का बे? धूर फिरून खालीच येतोय. झोप कशी लागती तुमाला?" त्यानं दहाव्याच्या आत झरोका फोडून मोठा केला. अजून सांगतो, बाप गेला आणि घरात हवा आली.

काकू, म्हणजे त्यांची बायको, त्याहून वरचढ सांगायच्या. "लग्नात अंतरपाट धरला. मंगलाष्टकं चाललीत. आन ह्यांनी पाटाआडून तळहात वर केला, माझ्या तोंडाच्या समोर. माझा मामा म्हणला, नवरा हात हलवून कुणाला बोलावतोय? नंतर मला म्हणाले, कापड पातळ होतं, तुझ्या तोंडाची ऊब लागत होती." मग सरांकडे बघून, "चाळीस वर्षं झाली, एवढं एकच गोड बोलले."

"मोजून बोललो होतो," सर म्हणायचे.

खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. त्यात तत्त्व वगैरे नव्हतं, जीभच वळायची नाही. एकदा तपासणी समिती आली. प्राचार्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं, सगळी यंत्रं चालू आहेत असंच सांगायचं. समितीतल्या बाईंनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तीन बंद हायत. चौथं मी बंद ठेवलंय, ते लई बोंबलतं." प्राचार्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते घड्याळही बंद होतं.

तोंडी परीक्षेला मात्र पोरं त्यांना टरकून असायची. प्रयोगशाळेत एक काचेची पेटी होती, सरांनी स्वतः केलेली. वर एक पत्रा, खाली एक पत्रा, मधे कोंडलेली हवा. वरचा पत्रा तापवायचा, आत उदबत्तीचा धूर सोडायचा.

"धूर हलतोय का?"

"नाही सर."

"कावून?"

"गरम हवा हलकी असते सर. ती आधीच वर आहे. खाली यायचं तिला कारण नाही."

"शाब्बास. आता खालच्या पत्र्याला हात लाव."

पोरगा हात लावायचा. पत्रा गरम.

"हवा आली न्हाई. मग हा तापला कसा?"

पुस्तकातलं पाठ केलेला पोरगा इथे गप्प. सर खालच्या पत्र्याजवळ बोट न्यायचे. तिथला धूर, वरचा सगळा थिजलेला असताना, बारीक बारीक वळायला लागलेला असायचा. "वरच्यानं खालच्याला बघून तापवलं. खालचा तापला, म्हणून त्याच्या अंगाची हवा आता हलायला लागली. हवेचं हलणं नंतर हाय. बघणं आधी."

त्याच पेटीत एक दिवस त्यांनी खाली नवा चकचकीत पत्रा बसवून त्याच्या अर्ध्या भागाला दोन्ही अंगांनी चुना फासला. मला खालून दोन्हीकडे तळहात धरायला लावले. चकचकीत बाजूखाली काही नाही. चुन्याखाली चटका.

"चुना पांढरा हाय ना रे?"

"हो सर."

"उन्हाच्या लेखी पांढरा. पण तापलेला पत्रा जी उष्णता टाकतो, तिच्या लेखी चुना काजळासारखा काळा. सगळी पिऊन घेतो आणि सगळी ओकतो. हे डोळ्याला दिसत न्हाई, म्हणून माणसं फसतात."

मी फसलो नाही. मला माहीत होतं. हे इथे नीट लिहून ठेवतो.

माझा शाळेतला मित्र बापू सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात राहतो. त्यानं आणि शोभावहिनींनी कापूस मोडून तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळायचं ठरवलं. तो हट्ट वहिनींचा. बापूच्या वडिलांना, आबांना, हे पटलं नव्हतं. "किडे पाळून कोण मोठं झालं?" म्हणायचे. अळी उष्णता सोसत नाही. बारकी असते तोवर सोसते, पण शेवटच्या दिवसांत, कोष विणायच्या आधी, थोडी जास्त झाली तरी ती खाणं सोडते आणि मरते. उन्हाळ्यात कूलर लावावे तर लाईटचा भरवसा नाही. म्हणून लोक उन्हाळ्यातली अळ्यांची पाळी, म्हणजे बॅच, सोडून देतात.

हे मी सहज बोलता बोलता सरांना सांगितलं, आणि सरांनी ते डोक्यात घेतलं. लाईटशिवाय गार राहणारं शेड. वर नेहमीचा पत्रा, त्याखाली वीतभर जागा सोडून दुसरा नवाकोरा चकचकीत पत्रा, चारही बाजू बंद. वरचा पत्रा उन्हानं कितीही तापला तरी मधली हवा वरच्या वर थिजून राहील, आणि त्याचं बघणं चकचकीत पत्रा आरशासारखं परत पाठवील. सर स्वतः गावात गेले. आबांसमोर खाटेवर बसले, टोपी काढली, तापलेल्या छताखाली डोळे मिटले.

"ह्यांना भोवळ आली का?" आबांनी मला विचारलं.

वहिनींनी सरळ विचारलं, "मास्तर, न्हाई गार झालं तर? घरात ह्यांच्या बापाशी भांडून लावलीय तुती. पहिलीच बॅच हाय."

"तर माझं नाव बदला," सर म्हणाले. "फक्त एक कर. त्या चकचकीत अंगाला काही लागू देऊ नको. रंग न्हाई, धूळ न्हाई, काही न्हाई." हे शेवटचं ते एकट्या मला म्हणाले, बापू आबांना घेऊन बाहेर गेला होता. वहिनी तेव्हा चहाला आत गेल्या होत्या.

काम सुरू झालं आणि सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली. डोळ्यावर हिरवा कपडा बांधून ते घरी बसले आणि मला म्हणाले, "आता तू बघ. तू बघितलं म्हणजे मी बघितलं."

आतले पत्रे चढवायच्या आदल्या संध्याकाळी मी मोटरसायकलवर गेलो. पत्रे बांधाला ओळीनं टेकवून ठेवले होते. पांढरेशुभ्र. वहिनी हातात केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, काथ्याचा कुंचला घेऊन शेवटच्या पत्र्यावर वाकल्या होत्या.

"या भाऊजी. बघा, एक जागा सोडली न्हाई."

अळ्या आणायच्या आधी शेड चुन्यानं आणि ब्लीचिंगनं निर्जंतुक करायचं असतं. तो या धंद्याचा पहिला धडा. प्रशिक्षणात त्यांना तेच शिकवलेलं, आणि त्यांनी ते जिवापाड पाळलं होतं. भिंती झाल्या, रॅक झाले, म्हणून मग पत्रेही. बापू बारदान आणायला परळीला गेलेला, त्याला पत्ता नव्हता.

"दोन हात मारलेत. दोन्ही बाजूंनी," त्या म्हणाल्या. हाताची सालं निघाली होती. "रोगराई नको बाबा. आबांना बोलायला जागा नको."

मी पत्र्याजवळ गेलो, नखानं खरवडून बघितलं. चुना पक्का बसला होता. घासून काढायचं तर दोन दिवस तरी गेले असते, आणि अळ्या परवा सकाळी यायच्या होत्या. शिवाय वहिनींना सांगायचं कसं? आणि सरांना? काम माझ्यावर होतं. मी आधी दोन दिवस यायला हवं होतं, आलो नव्हतो. त्या महिन्यात प्राचार्य कायम करायची नावं पाठवणार होते आणि मी त्यांच्या मागे मागे फिरत होतो. हे खरं कारण.

मी म्हणालो, "चढवा."

दुसऱ्या दिवशी रात्री सरांचा फोन आला. "चकचकीत बाजू वर ठेवली का बे?"

"हो सर," मी म्हणालो. ती बाजू वरच होती.

पहिले काही दिवस आभाळ होतं. अळ्या वाढल्या. वहिनी फोनवर हसत सांगायच्या, आबा आता स्वतः पाला टाकतात, किड्यांना "लेकरं" म्हणतात. मी मनाशी म्हणत होतो, पातळ हात असेल, गळून पडेल, काही होणार नाही. मग ऊन पडलं. बीडचं ऊन, वैशाखातलं.

त्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. हसत नव्हत्या. "भाऊजी, त्या खाईनात."

मी पोचलो तेव्हा लाईट गेलेली. बापू बारदानं भिजवून भिंतींना लावत होता. हजारो अळ्या पाला खातात तेव्हा शेडमध्ये वाळला पाचोळा तुडवल्यासारखा बारीक आवाज अखंड चालू असतो. माणसाला त्याची सवय होते, ऐकू येईनासा होतो. त्या दुपारी तो बंद होता. एवढं मोठं शेड आणि आवाज नाही. वरच्या रॅकवरच्या अळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि नुसत्या डोलत होत्या. खाली तुतीचा पाला तसाच कोमेजून चाललेला.

बापूनं भिंतीवरचा तापमापक बघितला, हलवून परत बघितला. "हवा तर इतकी गरम न्हाई दाखवत. मग ह्या अशा कावून करतायत?"

मी छताखाली तळहात वर केला. चटका बसला. छत बघत होतं.

तेव्हा बोललो असतो तर? चार माणसं बोलावून आतले पत्रे खाली ओढता आले असते. सगळ्या नाही, पण खालच्या रॅकवरच्या वाचल्या असत्या. मी हे त्या वेळी विचारात घेतलं. तो क्षण मला स्पष्ट आठवतो. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, इंजिनिअर माणूस काय सांगतो म्हणून. आबा दारात बसून एकेक अळी तळव्यावर घेऊन फुंकर घालत होते.

"पाणी मारत राहा," मी म्हणालो.

दिवस मावळेपर्यंत वरच्या रॅकवरच्या अळ्या काळ्या पडल्या. मग मधल्या, मग खालच्या. आबांनी टोपल्यात भरून शेताच्या कडेला खड्ड्यात टाकल्या. वहिनींनी सगळे रॅक पुसले, मग परत पुसले.

दुसऱ्या दिवशी सर आले. डोळ्यावर तो हिरवा कपडा, सोबत काकू. त्यांना फक्त छत बघायचं होतं. आबा बांधावर आडवे आले.

"पाय ठेवू नका मास्तर. लई झालं तुमचं गार शेड."

"मला एकदा वर बघू द्या. दोन मिनिटं."

"लेकरं भाजली माझी. आता काय बघता?"

आठवड्याभरात आबांनी ते पत्रे उतरवून भंगारवाल्याला घातले. सरांना ते कधीच बघायला मिळाले नाहीत. त्यांच्याकडे उरला फक्त माझा शब्द.

तो त्यांनी प्राचार्यांच्या खोलीत मागितला. गावातून तक्रार आली होती, संस्थेचं नाव खराब झालं म्हणून दोन संचालक येऊन बसले होते. सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. प्रयोगशाळेत आकडा विचारावा तसं विचारलं.

"मी सांगितलं त्यात काही बदललं होतं का बे?"

संचालक माझ्याकडे बघत होते. प्राचार्यांच्या टेबलावर कायम करायच्या नावांची फाईल होती की नाही मला माहीत नाही. मला ती तिथे दिसत होती.

"नाही सर. सगळं तुमच्या आराखड्याप्रमाणेच."

सरांनी मान डोलावली. माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते संचालकांना म्हणाले, "मग माझंच चुकलं असणार. कुठं ते मला आत्ता सांगता येत न्हाई. शोधतो."

मी कायम झालो. सरांची निवृत्ती जवळच होती. मी स्वतःला सांगायचो, त्यांचं काय गेलं? पगार गेला नाही, पेन्शन गेली नाही. पण काय गेलं ते दिसत होतं. त्यांनी तोंडी परीक्षेत पेटीचा प्रश्न विचारणं बंद केलं. पोरांना नाव विचारायचे, गाव विचारायचे आणि भरघोस मार्क द्यायचे. पोरं खूश. बापूच्या गावात, मग आजूबाजूला, त्यांचं नाव पडलं "भट्टी मास्तर". कुणाचं घर तापलं की लोक म्हणायचे, भट्टी मास्तरानं बांधलं का? कॉलेजातही पोचलं. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी ते म्हणालं आणि सगळे हसले. सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

निवृत्तीनंतर ते युसूफ वडगावकडे, त्यांच्या गावाकडच्या घरी राहायला गेले. मी अधूनमधून जायचो. प्रेमानं जायचो की पहारा द्यायला, हे मला आजही सांगता येणार नाही. मागच्या खोलीत पेट्या वाढत चालल्या होत्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. काकू म्हणायच्या, "झोपत न्हाईत. हवा हलली कशी, हवा हलली कशी, एवढंच."

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाज हलका होता. "ये. सापडली चूक."

गेलो. सर खाटेवर बसले होते, बारीक झालेले.

"मधली हवा हलत होती," ते म्हणाले. "मला दिसली न्हाई. मी जन्मभर म्हणालो, ती थिजलेली असती. ती हलत असणार, त्याशिवाय त्या अळ्या मरत न्हाईत. मी तुमाला चुकीचं शिकवलं. तुला आधी सांगतो. मग जेवढी पोरं सापडतील तेवढ्यांना फोन करून सांगणार हाय. शिकवलेलं परत घेतलं पाहिजे."

त्यांनी पोरांचे नंबर काढायला काकूंकडे मोबाईल मागितला.

"सर," मी म्हणालो, "चुना होता."

ते थांबले.

"कशाला?"

"आतल्या पत्र्याला."

"कुठल्या अंगाला?"

"दोन्ही."

"किती हात?"

"दोन."

"तू बघितलं?"

"हो."

"चढवल्यावर?"

"चढवायच्या आधी."

तोंडी परीक्षा संपली. सरांनी मोबाईल काकूंना परत दिला. उठून मागच्या खोलीच्या दाराशी गेले आणि पेट्यांकडे बघत उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. मग ते हळू, कुणाला तरी समजावल्यासारखं म्हणाले, "हलली नव्हती तर."

वळले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता.

"कुणी मारला चुना?"

"वहिनींनी. निर्जंतुक करायचं म्हणून. त्यांना काही माहीत नव्हतं. अजून नाही."

"त्या गावात मला काय म्हणतात?"

मी काकूंकडे बघितलं.

"सांग की. तुला पाठ असेल."

"भट्टी मास्तर."

"तू पण म्हणला असशील."

"नाही सर. कधीच नाही."

"हे तरी खरं हाय का?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"त्या बाईला घेऊन ये," सर म्हणाले. "माझ्यासमोर सांग तिला. तू काय बघितलं, काय बोलला, सगळं. चुन्यासकट. मला तिच्या तोंडून ऐकायचंय की मी चुकलो नव्हतो. मग परत इकडं येऊ नको."

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की शेड बिघडलं त्यात सरांची चूक नव्हती, माझी होती, आणि बाकीचं त्यांच्यासमोर सांगेन. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन लुगडं बदलून आल्या, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. केजच्या अलीकडे एकदाच म्हणाल्या, "आबा जाईपर्यंत त्या माणसाला शिव्या देत होते. मी पण दिल्या. पोराच्या शपथा घेऊन दिल्या."

मी गाडी चालवत होतो आणि एकच गोष्ट डोक्यात होती. थोड्या वेळानं या बाईला कळणार होतं की ती पहिली बॅच तिच्या हातानं मेली. आणि ते मीच सांगणार होतो.

सरांनी त्यांना खाटेवर बसवलं, स्वतः खुर्चीवर बसले. मला बस म्हणाले नाहीत.

"मास्तर, आमी तुमाला लई बोललो," वहिनी म्हणाल्या.

"ते होऊ द्या. आधी ह्याचं ऐका." माझ्याकडे न बघता, "सांग."

"वहिनी, पत्रे चढवायच्या आदल्या संध्याकाळी मी आलो होतो. पत्रे बांधाला टेकवलेले होते..."

"होते की," वहिनी मधेच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा मोकळा झाला. "मास्तर, त्या पत्र्यांना मी दोन हात चुना मारला होता. दोन्ही बाजूंनी. हाताची सालं गेली होती. आबा रेशमावर कायमचे चिडले, पण एवढं म्हणायचे, सुनेनं निर्मळपणात कसर केली न्हाई. बाकी काय चुकलं असेल ते असेल. तेवढ्यावरच मी परत उभी राहिले बघा. पुढच्या साली परत अळ्या आणल्या, छप्पर पाचटाचं केलं. आता वर्षाला चार पाळ्या घेते. गावातल्या सहा बाया माझ्याकडून शिकल्या. पहिलं त्यांना तेच सांगते, आधी चुना."

त्यांनी सहज हात पुढे केले होते, तळवे वर.

सर त्या हातांकडे बघत राहिले. काकूही. मी पुढचं वाक्य तोंडात घेऊन उभा होतो. सरांनी सांगितलं होतं, चुन्यासकट.

"मग मी बघितलं की..." मी सुरू केलं.

"थांब बे," सर म्हणाले.

त्यांनी टोपी नीट केली. माणसाला न येणारी भाषा बोलताना होतं तसं काहीतरी त्यांच्या तोंडाचं झालं.

"बरं केलं, बाई," ते म्हणाले. "चुना मारायलाच पाहिजे."

"मग बिघडलं कशानं?"

"ह्यानं जोड बघितले न्हाईत. चारी बाजू बंद करायच्या होत्या, उघड्या राहिल्या. मधे वारं शिरलं. मला म्हणाला, बघितल्या."

वहिनी माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण नजर सरळ होती. "हे खरं हाय का भाऊजी?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी पिशवीतली एक शेंग काढून फोडली आणि दाणे वहिनींच्या तळव्यावर ठेवले.

"हो वहिनी," मी म्हणालो.